वऱ्हाडाच्या सड्यावरचा सुकाणी

हरिश्चंद्र शिवलकर बावीस वर्षं आगबोटीवर काढून १९२७ सालच्या फेब्रुवारीत परत आला, तेव्हा रत्नागिरीच्या बंदरावर त्याला घ्यायला कोणी आलेलं नव्हतं. येतो म्हणून त्यानं कळवलंच नव्हतं. पडावातून उतरून त्यानं पत्र्याची ट्रंक खांद्यावर घेतली, तरीच्या होडीतून खाडी ओलांडली आणि तीन कोस चालून तो कोंडसईला पोचला. धाकटा भाऊ काशीराम अंगणात जाळं सांधत बसला होता. त्यानं मान वर करून पाहिलं, पण समोर कोण उभं आहे हे त्याला पटकन ओळखता आलं नाही.

शेवटची नऊ वर्षं हरिश्चंद्र सुकाणी होता, म्हणजे बोटीचं चाक धरणारा. डाव्या डोळ्यात मोतीबिंदू उतरला आणि होकायंत्राच्या तबकडीवरची अक्षरं पुसट दिसू लागली, तेव्हा कंपनीनं हातात एक कागद देऊन त्याला मोकळं केलं. वय चव्वेचाळीस. बायको हिरा एकोणीसशे अठराच्या तापाच्या साथीत गेली होती, आणि ती गेल्याचं पत्र त्याला चार महिन्यांनी एका परक्या बंदरात मिळालं होतं. मूलबाळ नव्हतं. काशीराम आणि त्याची बायको गोदा मनानं चांगली माणसं. त्यांनी ओटीवरची खोली त्याला दिली, ताटात माशाचा मोठा तुकडा वाढला. पण रोज मोठा तुकडा पाहुण्याच्याच ताटात पडतो, हे त्याला कळत होतं.

पहिले काही दिवस लोक संध्याकाळी ओटीवर येऊन बसले. त्यानं सांगितलं की विलायतेत उन्हाळ्यात रात्रीचं जेवण झालं तरी दिवस मावळत नाही आणि थंडीत दुपारच्या चहाच्या आत काळोख पडतो. लोक एकमेकांकडे बघून हसले. कोणीतरी म्हणालं, "दर्यावरची हवा लागली सुकाण्याला." वाईट हेतूनं नव्हे, पण त्यानंतर त्यानं सांगणं बंद केलं आणि लोकांनीही हळूहळू येणं बंद केलं. तो दिवसा खाडीवर जायचा तर होडीत त्याची जागा दुसऱ्यानं घेतलेली असायची. शेतात जायचा तर त्याच्या हाताला विळा सरावाचा नव्हता.

मग तो सड्यावर जाऊ लागला.

गावाच्या डोक्यावर मोठा कातळाचा सडा आहे. पश्चिमेला उभा कडा आणि खाली समुद्र. सड्याच्या मध्यावर काळवत्री दगडांचं एक मोठं वर्तुळ होतं, तेवीस दगडांचं, कमरेएवढे उभे. सडा सगळा जांभ्याचा. हा काळा दगड कोणी, कुठून ओढून आणला ते कोणाला ठाऊक नव्हतं. वर्तुळाच्या बाहेर, समुद्राच्या अंगाला, पुरुषभर उंचीचे दोन दगड हातभर अंतर ठेवून उभे होते. गावात सांगत की हे लग्नाचं वऱ्हाड आहे, मुहूर्त चुकला म्हणून दगड झालं, आणि बाहेरचे दोन म्हणजे नवरा-नवरी. म्हणून तो वऱ्हाडाचा सडा.

हरिश्चंद्रनं हे दगड लहानपणापासून पाहिले होते. पण आता ते पाहून त्याला दुसरे दगड आठवले. १९२१ साली त्याची बोट दुरुस्तीसाठी विलायतेच्या पश्चिमेकडच्या एका बंदरात दीड महिना अडकली होती. खलाशांच्या वसतिगृहात एक म्हातारा निवृत्त शाळामास्तर यायचा. तरुणपणी तो हिंदुस्थानात राहिला होता, मोडकंतोडकं हिंदुस्थानी बोलायचा. जूनमधल्या एका पहाटे त्यानं हरिश्चंद्रला आणि आणखी दोघांना मोटारीत घालून दूर एका उजाड माळावर नेलं. तिथं असंच वर्तुळ होतं. बाहेर एक कललेला दगड. मास्तरनं त्यांना मध्यभागी उभं केलं आणि त्या दगडाकडे बोट दाखवलं. थोड्या वेळानं सूर्य बरोबर त्या दगडाच्या माथ्यावर उगवला. "साल का सबसे बडा दिन," मास्तर म्हणाला. "पुराने लोग जानते थे."

हरिश्चंद्रनं सवयीनं खिशातलं छोटं होकायंत्र काढलं होतं. तबकडीवर बत्तीस घरं असतात. तिथला काटा जितका पश्चिमेला झुकतो तितकं वजा करून त्यानं दिशा धरली: ईशान्येपासून अर्धं घर पूर्वेला. हा आकडा तो विसरला नाही, सुकाणी आकडे विसरत नाही. सर्वांत मोठ्या दिवशी सूर्य जिथं उगवतो, त्याच्या नेमकं समोर सर्वांत लहान दिवशी तो मावळतो. म्हणजे तिकडं थंडीत तो नैऋत्येपासून अर्धं घर पश्चिमेला मावळत असणार.

एका दुपारी तो वऱ्हाडाच्या मध्यभागी उभा राहिला आणि तळहातावर होकायंत्र ठेवून त्या दिशेकडे पाहिलं. तिथं काही नव्हतं. नुसता कातळ. नवरा-नवरी त्याहून बरीच उजवीकडे, सव्वा घराहून थोडी जास्तच पश्चिमेला होती. मास्तरच्या दगडांशी या दगडांचा काही संबंध नाही असं समजून त्यानं यंत्र खिशात टाकलं. त्याला उगाच वाईट वाटलं.

तरी डिसेंबर आला तेव्हा तो रोज संध्याकाळी वर जाऊन बसू लागला. करण्यासारखं दुसरं काही नव्हतं. दिवस रोज थोडा डावीकडे सरकत समुद्रात उतरत होता. बावीस तारखेला तो नवरा-नवरीच्या मधल्या फटीत शिरला आणि दोघांच्या मधोमध पाण्यात बुडाला.

हरिश्चंद्र उठला नाही. दुसऱ्या दिवशी पुन्हा आला, तिसऱ्या दिवशी पुन्हा. चार-पाच दिवस सूर्य त्याच फटीत बुडत राहिला आणि मग हळूच उजवीकडे परतू लागला. दगड चुकले नव्हते. त्यानं आणलेला आकडा इथला नव्हता.

पण तसं का, हे कळायला त्याला पावसाळ्याच्या तोंडापर्यंत वेळ लागला. एकाच सूर्याचा एकाच दिवशीचा मार्ग, मग तिकडं एका दिशेला आणि इकडं दुसऱ्या दिशेला कसा? विचारायला कोणी नव्हतं. वाट त्याला बापानं दाखवली, तीही बाप जाऊन वीस वर्षं झाल्यावर. बाप शिडाच्या मचव्यावर तांडेल, म्हणजे मुख्य खलाशी होता, मलबारपासून गुजरातेपर्यंत जायचा. माळ्यावरच्या पेटीत त्याची लाकडी फळी होती, मधोमध दोरी ओवलेली, दोरीला गाठी. गाठ दातात धरायची, फळी पुढं ताणायची, खालची कड समुद्राच्या रेघेवर आणि वरची कड ध्रुवाच्या ताऱ्यावर बसली की कोणत्या बंदराच्या समोर आलो ते कळायचं. एक गाठ मंगळूरची, एक रत्नागिरीची, एक मुंबईची. उत्तरेला जावं तसा ध्रुव वर चढतो आणि फळी डोळ्याजवळ घ्यावी लागते. विलायतेत ती जवळजवळ नाकाला टेकवावी लागली असती, कारण तिथं ध्रुव मान मोडून पाहावा इतका वर असतो.

ध्रुव वर चढला म्हणजे सगळं आकाशच कललं. मग सूर्याची वाटही कलणार. त्याला आठवलं, तिकडं सूर्य उगवताना आडवा घसरत वर येतो आणि तसाच घसरत खाली जातो, क्षितिजाच्या कडेकडेनं. आणि आपल्याकडे तो सुटलेल्या नारळासारखा जवळजवळ सरळ खाली पडतो.

त्यानं बांबूच्या कामट्यांची तीन कडी केली, थोड्या-थोड्या अंतरावर बांधली, तळ नसलेल्या टोपलीसारखी. मधून एक काठी आरपार घातली. गुरांना पाणी पाजायच्या दगडी डोणीत ती अर्धी बुडवून तो कितीतरी वेळ काठीचं टोक वर-खाली करत बसायचा. गोदा स्वयंपाकघरातून पाहायची. एकदा ती नवऱ्याला म्हणाली, "दादांना जरा सांभाळून बोलत जा तुम्ही." काशीराम जाळं उचलून खाडीकडे गेला.

ज्या एका माणसानं त्या डोणीजवळ बसून सगळं ऐकलं, ती म्हणजे राही. वरच्या वाडीतली कुणब्याची विधवा, चाळिशीची. नवरा मुंबईला गोदीत वारला होता, मुलगा तिथंच गिरणीत लागला होता. ती सड्यावर गवत कापायला यायची. हरिश्चंद्रला रोज दगडांत बसलेलं पाहून तिनं एक दिवस भारा खाली ठेवून विचारलं, "सुकाणीदादा, तुमी कुनाची वाट बघता?"

"दिवस कुठं बुडतो ते बघतो."

"थंडीत नवरा-नवरीत बुडतो," ती म्हणाली. "माजी सासू सांगायची. दिवस म्हायेरला आला म्हनायची. पाच दिस र्‍हातो आनि मागारी फिरतो."

हरिश्चंद्र तिच्याकडे बघतच राहिला. त्याला वाटलं होतं ही गोष्ट जगात एकट्यालाच माहीत आहे.

त्यानं तिला डोणीजवळ नेलं. पाणी म्हणजे क्षितिज, काठीचं वरचं टोक म्हणजे ध्रुव, कडी म्हणजे सूर्याच्या वाटा. मधलं कडं दिवस-रात्र सारखी असतात त्या दिवसाचं, उत्तरेकडचं मोठ्या दिवसाचं, दक्षिणेकडचं लहान दिवसाचं. त्यानं टोक चार बोटं वर धरलं. "ही रत्नागिरी. लहान दिवसाचं कडं पाण्याला कुठं टेकतं बघ." तिथं त्यानं डोणीच्या काठावर कोळशानं खूण केली. मग टोक खूप वर उचललं. कडं बरंच बुडालं आणि पाण्याला टेकायची त्याची जागा खुणेपासून वीतभर दक्षिणेला सरकली. "ही विलायत."

राहीनं स्वतः काठी हातात घेतली, दोन-तीनदा वर-खाली केली.

"मंजी तिकडचा मानूस इकडं येऊन तिकडच्या मापानं दगड लावील तर चुकंल."

"चुकेल."

"मग हे ज्यानं लावले, तो हितंच बसून बघत असनार. किती वर्सं?"

"ते कोण सांगणार. पण इथंच."

"एकटाच का काय," राही म्हणाली आणि भारा उचलून निघून गेली.

त्यानंतर ती कधीमधी थांबायची, दोन शब्द बोलायची. जास्त नाही. विधवा बाई आणि एकटा पुरुष सड्यावर बोलतात हे गावाला दिसतं, हे दोघांनाही माहीत होतं. ती तिच्या गवतात उभी आणि तो त्याच्या दगडात, मध्ये वीस पावलांचं अंतर, असंच ते बोलणं व्हायचं.

१९३१ च्या मे महिन्यात मुंबईहून एक निवृत्त वकील आले. त्यांना जुन्या दगडधोंड्यांचा नाद होता. हातात इंग्रजी पुस्तक, बरोबर मोजपट्टी आणि गावचे खोत. भर दुपारी वकिलांनी वर्तुळाच्या मध्यभागी काठी रोवली, पुस्तक उघडलं आणि पश्चिमेपासून चाळीस अंश दक्षिणेला दोरी ताणली. तिथं नुसता कातळ.

"काही नाही," ते खोतांना म्हणाले. "गुरांचा जुना कोंडवाडा असेल."

हरिश्चंद्र बाजूला उभा होता. तो पुढं झाला. "साहेब, चाळीस हा तिकडचा कोन. इथं पंचवीस धरा. हे दोन दगड बघा, बरोबर पंचविसाला आहेत."

वकील हसले. "अहो, सूर्य तिथला वेगळा आणि इथला वेगळा असतो का?"

"सूर्य एकच, साहेब. आपण उभे कुठं आहोत ते वेगळं." त्यानं रोवलेल्या काठीकडे हात केला. "आता तुमच्या काठीला सावली आहे का?"

सगळ्यांनी पाहिलं. सूर्य थेट डोक्यावर होता. काठीची सावली काठीच्या बुडातच जिरली होती.

"विलायतेत हे कधीच होत नाही," हरिश्चंद्र म्हणाला. "तिथं भर उन्हाळ्यात दुपारी बाराला पण सावली पडते. जो सूर्य इथं डोक्यावर येतो तो तिथं येत नाही, मग मावळायची जागा सारखी कशी असेल? डिसेंबरात या. डोळ्यांनी दाखवतो."

वकिलांनी घाम पुसला. खोतांनी हरिश्चंद्रकडे पाहिलं. एका खलाशानं पाहुण्याला शिकवावं हे त्यांना रुचलं नव्हतं. "ऊन फार झालंय," ते म्हणाले. "वाड्यावर चला, पन्हं घेऊ." पुस्तक मिटलं गेलं.

त्या भेटीचा परिणाम पावसाळ्यानंतर दिसला. खाली रस्त्याच्या मोऱ्या बांधायच्या होत्या आणि ठेकेदाराला पक्का दगड हवा होता. जांभा पाण्यात झिजतो, काळवत्री टिकतो. त्यानं वऱ्हाडाचे दगड मागितले आणि खोतांनी होकार दिला. विद्वान माणूस बघून गेला होता, कोंडवाडा म्हणाला होता.

हरिश्चंद्र घरोघर गेला. इतक्या वर्षांत तो कोणाच्या दारात स्वतःहून गेला नव्हता. "बावीस डिसेंबरला संध्याकाळी सड्यावर या. एकदा बघा. मग काय ते ठरवा." काहींनी नुसतं होय म्हटलं, पण त्या दिवशी खरोखर अकरा माणसं वर आली, खोतही आले. सकाळपासून आभाळ स्वच्छ होतं. दुपारनंतर समुद्रावर करड्या ढगांची एक पट्टी धरली, आणि सूर्य पाण्यापासून चार हात वर असतानाच तिच्यात गडप झाला. लोक थोडा वेळ थांबले. कोणीतरी विडी पेटवली.

"उद्या पण दिसेल," हरिश्चंद्र म्हणाला. "परवा पण. चार-पाच दिवस तिथंच बुडतो."

"रोज तिथंच बुडतो तर त्यात नवल काय, सुकाण्या?" खोत म्हणाले, आणि सगळे उतरले.

दुसऱ्या दिवशी आभाळ लख्ख होतं. सूर्य दोन दगडांच्या मधोमध गेला. पाहायला हरिश्चंद्र होता आणि लांब गवतात राही होती.

जानेवारीत पहारी आणि घण घेऊन माणसं आली. दोन दिवसांत उत्तरेकडचे नऊ दगड फुटले. हरिश्चंद्र पहिल्या दिवशी वर जाऊन त्यांच्याशी बोलला, मुकादमानं त्याला हातानं बाजूला केलं, तेव्हा तो घरी येऊन खोलीत पडून राहिला. घणाचा आवाज खालपर्यंत येत होता.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी राही शिवलकरांच्या मागच्या दारी आली. ती हरिश्चंद्रला भेटली नाही, गोदाशी बोलली. "नवरीला कुनी कदी हळद लावली न्हाय," ती म्हणाली. "माजा हात चालत न्हाय. तुमी सवाष्नी हाव." गोदानं तिच्याकडे पाहिलं, मग खोलीच्या बंद दाराकडे पाहिलं.

सकाळी दगडफोडे वर पोचले तेव्हा दोन्ही उभे दगड हळदीनं पिवळे झाले होते. नवरीला कुंकू, हिरव्या बांगड्या, पुढ्यात नारळानं भरलेली ओटी. गोदा आणि गावातल्या सात-आठ सवाष्णी तिथं बसलेल्या. राही दूर, वर्तुळाच्या बाहेर उभी होती. मुकादमानं पहार उचलायला सांगितली. एकही माणूस पुढं झाला नाही. दुपारपर्यंत वाट पाहून तो खोतांकडे गेला. तोवर खोतांच्या घरातली बाईही ओटी घेऊन वर गेली होती. मोऱ्यांना दुसरीकडून दगड आला.

चौदा दगड आणि नवरा-नवरी वाचले. जे हरिश्चंद्रला होकायंत्रानं जमलं नाही ते मूठभर हळदीनं झालं, आणि त्याला त्याचं वाईट वाटलं नाही. पण पुढं जे झालं त्याची त्याला कल्पना नव्हती. जागा देवाची झाली. गुरव दिवा लावू लागला. दरवर्षी पौषात बायका हळद घेऊन जात आणि दिवस कलायच्या आत उतरत. पुरुषांनी आत पाय ठेवू नये असं ठरलं. एकदा तो सवयीनं मध्यभागी जाऊन बसला तर गुरव म्हणाला, "तात्या, इथं बसू नका, बायांचं ठिकाण आहे." तो उठला. त्यानंतर तो कड्याजवळ लांब बसायचा. तिथून दगड आणि सूर्य एका रेषेत येत नसत. किती बाजूला दिसलं म्हणजे मधोमध असेल, याचा त्याला मनातल्या मनात हिशेब मांडावा लागे.

१९३४ साली राहीला तिचा मुलगा मुंबईला घेऊन गेला. निघताना ती त्याच्याकडे आली नाही. येता येण्यासारखं नव्हतंच. गाठोडं डोक्यावर घेऊन ती खाडीच्या वाटेनं उतरली तेव्हा तो सड्यावरून बघत होता. एकदा थांबून तिनं मागं वर पाहिलं. त्याचा चांगला डोळाही आता इतका अधू झाला होता की तिनं हात केला की पदर सावरला ते त्याला कळलं नाही.

वर्षभरानं काशीरामच्या नावानं तिच्या मुलाचं कार्ड आलं. खालच्या दोन ओळी अशा होत्या: "आई सुकाणीकाकांस विचारते, इथे चाळींच्या आड दिवस कुठे बुडतो ते दिसत नाही. तिकडे अजून मधेच बुडतो का."

हरिश्चंद्रनं शाळेच्या मास्तरांकडून उत्तर लिहून घेतलं. मास्तर लिहून झाल्यावर म्हणाले, "एवढंच?" त्यानं सांगितलं होतं: मधेच बुडतो. मुंबई दोन अंश उत्तरेला आहे, म्हणून तिथे तो अगदी किंचित जास्त डावीकडे बुडत असेल, जेमतेम अर्ध्या बिंबाएवढा. डोळ्याला फरक कळणार नाही. हेच दगड तिथे लावले तरी चालून जाईल.

त्यानंतर कार्ड आलं नाही. त्यानंही पाठवलं नाही.

१९३७ च्या थंडीत त्याला दोन्ही डोळ्यांनी फक्त उजेड आणि काळोख एवढंच कळत होतं. तरी काठी टेकत तो वर जायचा. गोदा म्हणायची, "दादा, दिसत नाही तर जाता कशाला?" तो म्हणायचा, "ऊन गालावर कुठं लागतं ते कळतं." एका संध्याकाळी बराच उशीर झाला म्हणून काशीराम त्याला आणायला गेला. बायकांचा दिवस अजून यायचा होता, सड्यावर कोणी नव्हतं. हरिश्चंद्र वर्तुळाच्या मध्यभागी उभा होता. काशीराम रागवायला म्हणून पुढं झाला आणि थबकला.

"काय बघतोस रे दादा तू एवढं?" त्यानं विचारलं. दहा वर्षांत पहिल्यांदाच.

हरिश्चंद्रनं हात पुढं केला. काशीराम त्याच्या खांद्यामागं जाऊन उभा राहिला आणि हाताच्या रोखानं पाहू लागला. लाल बिंब पाण्याला टेकलं होतं.

"मधे आहे का?" हरिश्चंद्रनं विचारलं.

"आहे."

"नवऱ्याच्या बाजूला की नवरीच्या?"

काशीरामनं नीट पाहिलं. "मधोमध आहे."

दोघं बिंब पूर्ण बुडेपर्यंत उभे राहिले. मग काशीरामनं त्याचा दंड धरला आणि ते उतरू लागले. वाटेत काशीरामनं विचारलं, "विलायतेत खरंच रात्री जेवल्यावर पण उजेड असतो?" हरिश्चंद्रनं सांगायला सुरुवात केली, पण घर जवळ आलं आणि गुरं बांधायची राहिली होती, म्हणून काशीराम पुढं गेला.

पुढच्या वैशाखात हरिश्चंद्र गेला. चार दिवस ताप आला एवढंच. ट्रंकेत दोन सदरे, कंपनीचा कागद आणि बापाची फळी निघाली. फळी कशाची ते घरात कोणाला सांगता आलं नाही. गोदानं ती भाताच्या मडक्यावर झाकण म्हणून वापरली आणि दोरी गाठींसकट काढून बाजूला ठेवली.